मामाचा पारा

मंगळवारची रात्र, साडेअकरा. मी किचनमध्ये मॅगीचा टोप घासत होते आणि माझी रूममेट हॉलमधल्या गादीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती खराडीतल्या एका कंपनीत आहे. कंपनी नेमकं काय करते, हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. ती ‘डेटा’ म्हणायची, मी ‘अच्छा’ म्हणायचे. तुमच्याही घरी असाच संवाद होत असणार, फक्त ‘अच्छा’ म्हणणारी आई असेल.

त्या रात्री ती अचानक म्हणाली, “अगं, हे वरणगाव कुठे आलं?”

“का? तुला तिथे जायचंय?”

“मला नाही गं. माझ्या एक्सेलमध्ये आहे ते.”

टोप तसाच सिंकमध्ये टाकून मी बाहेर आले. वरणगाव म्हणजे माझं आजोळ! मामा-मामी, आजीच्या हातची वरणबट्टी, मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायला बंदी. भुसावळहून हायवेनं निघालं की आधी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लागतात आणि मग वरणगाव. गावाला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, बंदुकीच्या गोळ्या बनवणारी. जवळच तापी आणि हतनूरचं धरण. बाकी सगळीकडे हिरवीगार केळी. एवढं सोडलं तर पुण्यातल्या कुणाला वरणगाव माहीत असायचं काही कारण नाही. आणि इथे ते एका एक्सेल शीटच्या डाव्या कॉलममध्ये, शेकडो गावांच्या मध्ये, निमूटपणे बसलं होतं.

“हे काय आहे?”

“रात्रीचं किमान तापमान. प्रत्येक हवामान केंद्राचं, रोजचं. आम्ही ते साफसूफ करून विमा कंपनीला देतो.” तिनं कर्सर फिरवून दाखवला. “बघ, केळीसाठी लिमिट आठ अंश. आठ किंवा त्याच्या खाली गेलं की सेल लाल होतो. सलग तीन लाल झाले की इथे पुढे रक्कम येते.”

“आणि दोनच झाले तर?”

“तर काही नाही. झिरो.”

ती हे इतक्या सहज म्हणाली, की मला एकदम माझा मामा आठवला. तो झिरो मी पाहिलाय. त्याच्या घरात, ओसरीवर बसलेला.

तुम्ही म्हणाल, मागच्या आठवड्यात जिमच्या मेंबरशिपवर लिहिणारी ही बाई आज केळीवर कुठून घसरली! जरा थांबा. गोष्ट विम्याची आहे, आणि विमा तुम्हीही काढता. विमानाचं तिकीट बुक करताना शेवटी एक टिकमार्क असतो, फ्लाइट अमुक तास लेट झाली तर ठरलेले पैसे देणारा. तिथे कुणी विचारत नाही, की बाबा रे, उशिरामुळे तुझं नेमकं काय बुडालं? मीटिंग की लग्न? लेट झाली, पैसे मिळाले. विषय संपला. हवामान आधारित फळपीक विम्याचा फंडा अगदी हाच आहे. बाग पाहायला कुणी येत नाही. पारा पाहतात.

जळगावच्या केळीसाठी चालत आलेले आकडे साधारण असे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंश किंवा खाली. एप्रिलमध्ये सलग पाच दिवस बेचाळीस किंवा वर, मेमध्ये सलग पाच दिवस पंचेचाळीस किंवा वर. मार्च ते जुलै ताशी चाळीस किलोमीटर किंवा जास्त वेगाचा वारा. वाऱ्याच्या बाबतीत मात्र शेतकऱ्यानं ७२ तासांत कळवायचं आणि मग पाहणी होते. थंडी आणि उन्हात तेवढंही नाही, आकडा बोलतो. २०२०-२१ मध्ये हेक्टरी एक लाख चाळीस हजारांचं संरक्षण होतं आणि शेतकऱ्याचा हिस्सा होता सात हजार, बाकीचा हप्ता सरकारचा. मामाचे चार एकर म्हणजे दीड हेक्टरच्या थोडं वर. हिशोब तुम्हीच करा.

हे आकडे म्हणजे काही दगडावरची रेघ नाही हं. २०२० मध्ये केळीसाठीचे निकष बदलले, तेव्हा जळगाव जिल्ह्यात इतका आरडाओरडा झाला की २०२१ मध्ये ते पुन्हा पहिल्यासारखे करावे लागले. एक-दोन अंश आणि एक-दोन दिवस यांवरून लोक मोर्चे काढतात, हे आपल्याला एसीचा रिमोट हातात असताना गमतीशीर वाटतं. पण हे वाक्य मी मामासमोर बोलणार नाही.

आता थोडा फ्लॅशबॅक. मी रोज शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या चौकात बस बदलते. कॉलेजात असताना मला वाटायचं, इथे शिमल्याच्या ट्रिपचं बुकिंग होत असणार! मास कॉमच्या डिग्रीनंसुद्धा हा गैरसमज दूर झाला नाही. ती दगडी इमारत हवामान खात्याची. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, आणि येताना नावही घेऊन आलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र आपल्याकडेच राहिलं. म्हणजे देशाच्या पावसापाण्याच्या नोंदी ज्या शहरात वर्षानुवर्षं लिहिल्या गेल्या, त्याच शहरात आता माझी रूममेट त्या नोंदी एक्सेलमध्ये लाल करते.

हवेवर विमा काढायची कल्पनाही काही काल-परवाची नाही. १९२० मध्ये म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती नावाच्या गृहस्थांनी पुस्तक लिहून मांडलं होतं, की शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसण्यापेक्षा पाऊस मोजा आणि त्यावर पैसे द्या. ते पुस्तक कपाटात राहिलं. १९९७ मध्ये अमेरिकेत एका ऊर्जा कंपनीनं दुसरीशी येणाऱ्या हिवाळ्याच्या तापमानावर सौदा केला आणि तिथल्या बाजाराला वाटलं, काय भन्नाट नवीन आयडिया! त्या दोघींपैकी एक होती एन्रॉन. हो, तीच. दाभोळवाली. आपल्याकडे २००३ मध्ये आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडीच्या काही शेतकऱ्यांना पावसावरचा विमा विकला गेला, २००७ मध्ये केंद्र सरकारनं हवामान आधारित पीक विमा सुरू केला आणि २०१६ मध्ये त्याची पुनर्रचना झाली.

पण पारा बघायचा तर थर्मामीटर हवा ना! आणि तो शेताजवळ हवा. हवामान खात्याच्या वेधशाळा मोठ्या शहरांत, विमानतळांवर. म्हणून महाराष्ट्रानं ‘महावेध’ प्रकल्प काढला. प्रत्येक महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र, अशी २,०६५ केंद्रं. एप्रिल २०१७ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला पहिल्याचं उद्घाटन झालं. जागा सरकारची, यंत्रं स्कायमेट या खासगी कंपनीची. सरकारला माहिती फुकट आणि विमा कंपन्यांना ती विकून कंपनीनं आपला खर्च काढायचा, असं ते डील. तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा… सगळं दर दहा मिनिटांनी. एका केंद्राच्या वाट्याला साधारण बारा बाय बारा किलोमीटरचा चौकोन.

बारा बाय बारा! पुण्यात हा चौकोन टाकून बघा. सिंहगड रोडला धो धो पाऊस आणि विमाननगरला कोरडं ठक्क, हे आपण दर जूनला अनुभवतो. “तुमच्याकडे पडतोय का?” हा आपला पावसाळी राष्ट्रीय प्रश्न आहे. तर मामाची सगळी भानगड या एका प्रश्नात आहे.

काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मी रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघून सकाळी भुसावळला उतरले, एसटीनं वरणगाव. घरात भरिताची वांगी भाजल्याचा वास होता आणि मामा घरात नव्हता.

“तीन रात्री झाल्या, बागेतच आहे,” मामी म्हणाली. “थर्मामीटरची चौकीदारी करतो.”

केळी हे झाड दिसायला धिप्पाड, पण स्वभावानं एकदम नाजूक. पारा दहा-बाराच्या खाली गेला की वाढ जवळपास थांबते. नवीन पान लवकर उलगडत नाही, आधीची पिवळी पडतात, करपा पसरतो. ज्या झाडाचा घड बाहेर पडायच्या बेतात असतो तो खोडातच अडकतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. व्यापारी असा घड लांबूनच ओळखतो. उन्हाळ्यात उलटं, पानं होरपळतात आणि घड झाडावरून सटकतात. वारा आला तर विचारूच नका, रात्रीतून बाग आडवी. त्यासाठी बांधावर शेवरीची दाट रांग लावतात.

त्या शेवरीलाच मामानं थर्मामीटर बांधला होता. जळगावहून आणलेला, कमाल-किमान दोन्ही दाखवणारा. रोज पहाटे तो बॅटरीच्या उजेडात आकडा बघायचा आणि घरी येऊन कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. एकादशी, दुधाचे लीटर, गॅस सिलिंडर कधी लागला, आणि खाली बारीक अक्षरात पारा. माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात दाट हवामान जाळं महावेधचं नाही, कालनिर्णयचं असणार. फक्त ते अजून कुणी एक्सेलमध्ये भरलेलं नाही.

फोनवरचा अंदाज मामा रोज संध्याकाळी बघतो. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तोही बघतो. ‘किमान तापमानात घट संभवते’ असं आलं की घरात युद्धपातळीवर तयारी. बांधाच्या कडेला ओलसर पालापाचोळ्याचे ढीग, पहाटे ते पेटवून धूर करायचा. रात्री बागेला पाणी द्यायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. आता शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची असेल तर ठीक, दिवसाची असेल तर कोमट पाणी विहिरीतच राहतं. अंदाज बरोबर, पाणी हजर, लाईट गायब. या तिघांना एकत्र आणणारं ॲप अजून कुणी काढलेलं नाही.

तर त्या डिसेंबरात तिन्ही रात्री कालनिर्णयवर आकडा आठच्या खाली होता. मंडळाच्या केंद्रावर पहिल्या दोन रात्री आठच्या खाली, तिसऱ्या रात्री आठच्या वर. दोन-तीन दशांशांनी. दोन लाल, एक पांढरा. झिरो.

“केंद्र बिघडलेलं असेल,” मी म्हणाले. पत्रकार ना मी, मला लगेच घोटाळा दिसतो.

मामा हसला. “बिघडलं नाही, बाई. ते उंचावर आहे, उघड्या माळावर. आपली बाग नाल्यात. थंडी पाण्यासारखी असते. उतारानं येते आन् खोलगटात साचते.”

मामा बारावी नापास आहे. पुण्यात आल्यावर मी हे खात्री करायला एका भूगोलाच्या प्राध्यापकांना विचारलं, तर त्यांनी तेच सांगितलं, फक्त पंधरा मिनिटं जास्त घेऊन. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन रात्री झपाट्यानं निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि सखल भागात जाऊन बसते. उंचावर जराशी झुळूक आली तरी वरची उबदार हवा खाली मिसळते आणि तिथला पारा चढतो. नाल्यातल्या हवेला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय केळीचं पान रात्री हवेपेक्षाही थंड होतं. म्हणजे केंद्रही खरं आणि कालनिर्णयही खरा. दोघांच्या मध्ये सात-आठ किलोमीटर आणि एक उतार.

माझ्या रूममेटच्या धंद्यात याला ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. विमा ज्या आकड्यावर काढलाय तो आणि तुमचं खरं नुकसान यांच्यातली फट. ती म्हणाली, “आम्हाला माहीत असतं ते. मॉडेलमध्ये धरलेलं असतं. हजार शेतकरी घेतले तर कुणाला कमी, कुणाला जास्त, शेवटी बॅलन्स होतं.”

मला हे उत्तर बरोबर वाटलं आणि अजिबात पटलं नाही. हजारांत बॅलन्स होतं, पण सोसायटीचं पीककर्ज हजार जण मिळून फेडत नाहीत. त्या वर्षी मामाच्या बागेतले निम्मे घड व्यापाऱ्यानं मनाला येईल त्या भावात कापून नेले, आणि माझ्या मामेभावाचं इंजिनीअरिंगचं ॲडमिशन एक वर्ष पुढे गेलं. मामानं तसं सांगितलं नाही. ‘त्यालाच ड्रॉप घ्यायचा होता’ असं सांगितलं. मामेभाऊ हे ऐकत तिथेच बसला होता आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता.

आता दुसरी बाजू, कारण ती नाही सांगितली तर मामाच मला फोन करून झापेल. दोन वर्षांनी उलटं झालं. केंद्रावर सलग तीन रात्री लाल, आणि मामानं मात्र वेळेवर अंदाज बघून, धूर करून, नशिबानं रात्रीची लाईट मिळून बाग वाचवली होती. बागेला फारसं काही झालं नाही आणि खात्यात पैसे जमा झाले! कुणी साहेब आला नाही, कुणाला चहा पाजावा लागला नाही, पंचनाम्यावर सही घ्यायला कुणाच्या मागे फिरावं लागलं नाही.

“म्हणजे फुकटचे पैसे?” मी विचारलं.

“फुकटचे कसे? मागच्या खेपेचे राहिले होते ना!”

मला वाटतं, या विम्याचं इतकं नेमकं वर्णन कुठल्याच माहितीपत्रकात नसेल. नुकसान मोजायचं नाही, म्हणजे बाग वाचवण्याची शिक्षाही नाही. जुन्या पद्धतीत मामानं धूर केला असता तर ‘नुकसान नाही’ असा शेरा मिळाला असता. इथे धूर करणाऱ्यालाही पैसे, झोपणाऱ्यालाही. हे मला खरंच सॉलिड वाटतं. म्हणून मी ‘विमा म्हणजे लूट’ वगैरे लिहिणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की सगळं काही त्या एका खांबावर टांगलंय आणि तो खांब कुठे रोवायचा हे ठरवताना नाल्यातल्या माणसाला कुणी विचारत नाही.

त्यात आणखी एक गंमत रूममेटनं सांगितली. हप्ता ठरवायला मागच्या पंचवीस-तीस वर्षांचं तापमान लागतं. किती वेळा पारा आठच्या खाली गेला होता, त्यावरून ठरतं की पुढे किती वेळा पैसे द्यावे लागतील. पण मंडळातली केंद्रं २०१७ नंतरची! त्यांना इतिहासच नाही. मग जवळच्या जुन्या वेधशाळेच्या नोंदी घ्यायच्या आणि अंदाजानं बसवायच्या. म्हणजे हप्ता एका थर्मामीटरवर आणि भरपाई दुसऱ्यावर. लग्नाची पत्रिका शेजाऱ्याची जुळवायची आणि संसार आपण करायचा!

उपाय काय? आणखी खांब. २०२३ पासून केंद्राचा ‘विंड्स’ नावाचा कार्यक्रम आहे, तालुक्याला स्वयंचलित केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक, असा. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ८२४.७७ कोटींचा तंत्रज्ञान निधी मंजूर केला, त्यात हेही आहे. चांगलंच आहे. फक्त केळीला पावसापेक्षा पाऱ्याची भीती जास्त, तेव्हा गावोगाव खांब रोवताय तर त्यावर थर्मामीटरही लावा, आणि एखादा खोलगटातही रोवा, एवढं माझं म्हणणं. भूगोलाच्या प्राध्यापकांचंही आहे. मामाचं तर आहेच.

तर त्या मंगळवारी रात्री मी ही सगळी स्टोरी रूममेटला सांगितली. ती गप्प झाली. मग म्हणाली, “दोन वर्षं मी रोज हा रकाना बघते. मला वाटायचं, वरणगाव म्हणजे कुठेतरी वरणभात फेमस असेल.”

“बट्टी,” मी म्हणाले. “वरणबट्टी.”

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून मामाचा नंबर घेतला. ऑफिसच्या शीटला तिनं हात लावला नाही (तशी हिंमत आणि परवानगी दोन्ही नाही), पण स्वतःची एक वेगळी फाईल बनवली आहे. एका कॉलममध्ये केंद्राचा आकडा, शेजारी मामाचा. मामाला हे कळल्यावर तो इतका खूष झाला की त्यानं भुसावळहून दुसरा थर्मामीटर आणला आणि घराच्या ओसरीवर लावला. ‘पुण्याच्या मॅडमला डेटा पाठवायचा आहे’ असं गावभर सांगतो म्हणे. मामी वैतागली आहे.

आज पहाटे पावणेसहाला रूममेटच्या फोनवर त्याचा व्हॉइस मेसेज आला, स्पीकरवर, त्यामुळे मलाही उठावं लागलं. मागे कुत्रं भुंकत होतं आणि धुरामुळे मामा मध्येच खोकत होता.

“काय व मॅडम, उठल्या का? लिहून घ्या. शेवरीखाली साडेसात. ओसरीवर नऊ. मधलं अंतर अर्धा किलोमीटर. आता यातलं वरणगाव कोणतं, ते तुम्हीच ठरवा.”